माझं दप्तर बघा, पण सगळ्यांचंच बघा

(कोडोली येथे वसतिगृह अधीक्षक, शिक्षक व पालक यांच्या मेळाव्यात मुलांची शॉर्ट फिल्म दाखवल्यानंतर केलेले भाषण)



आपण आता पाहिलेली फिल्म सहा मिनिटांची आहे. ती वसतिगृहातल्या आणि गावातल्या मिळून चौदा मुलांनी एका मोबाइलवर केली. ती कशी झाली आणि इतर वसतिगृहांना असे काम करायचे असेल तर काय ध्यानात ठेवावे, हे सांगण्याचे काम संयोजकांनी मला दिले आहे. तेवढेच सांगते.

आधी हा विषय का घेतला ते सांगते. दिवाळीच्या सुट्टीला घरी गेलेले एखादे मूल परत येत नाही, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे. आपण पालावर जातो, धनगरवाड्यावर जातो, ऊसतोडणीच्या टोळीच्या खोपटापर्यंत जातो. "का रे बाळा, शाळा का सोडलीस?" असे विचारले की उत्तर ठरलेले असते. "करमत नाही." रजिस्टरमध्ये आपण लिहितो, 'मुलाला शिक्षणाची आवड नाही' किंवा 'पालकांचे स्थलांतर'. पण दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा गेले, आईने चहा ठेवला, बाप जरा बाजूला गेला, की मूल बोलते. "नावानं चिडवतात." "माझ्या बोलण्याची नक्कल करतात." "पंगतीला शेजारी कोण बसत नाही." आणि आमच्या पारधी मुलांच्या तोंडून तर हे हमखास ऐकायला मिळते: "वर्गात काही हरवलं की पहिलं माझंच दप्तर उघडतात."

'करमत नाही' या दोन शब्दांच्या पोटात एवढे सगळे असते. गणित अवघड जाते म्हणून शाळा सोडणारे मूल आपण शिकवणी लावून परत आणू शकतो. जे मूल अपमानाने जाते ते शिकवणीने परत येत नाही.

हा अपमान आजचा नाही. १८७१ साली इंग्रज सरकारने एक कायदा केला आणि पुढे त्या कायद्याखाली देशातल्या कितीतरी जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. मूल जन्माला आले की त्याच्या कपाळी शिक्का. स्वतंत्र भारतात तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. पण आपल्या कोल्हापूरच्या राजाने त्याच्याही कितीतरी आधी पाऊल उचलले होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानातली हजेरीची पद्धत बंद केली आणि ज्यांना लोक चोर म्हणत त्या फासेपारध्यांना विश्वासाने आपल्या नोकरीत घेतले. कायदा जाऊन सत्तर वर्षे होऊन गेली. तरी पाचवीच्या वर्गात कंपासपेटी हरवली की नजर कुठे वळते, ते आपण जाणतो.

आणि हे पाचवीपाशी थांबत नाही. डॉ. पायल तडवी हे नाव आपण विसरू नये. तडवी भिल्ल समाजातली ही मुलगी डॉक्टर झाली, पुढचे शिक्षण घ्यायला मुंबईला गेली आणि २२ मे २०१९ रोजी आपण तिला गमावले. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केला, असा आरोप आहे. निकाल देणे न्यायालयाचे काम आहे, त्यावर मी बोलणार नाही. मी एवढेच म्हणते, की मूल दहावी झाले, बारावी झाले, डॉक्टर झाले की अपमानातून सुटले असे धरून चालू नका. त्याला तोंड कसे द्यायचे, आणि शेजारच्याने काय करायचे, हे लहानपणीच शिकवावे लागते.

आता फिल्मच का? भाषणे आम्ही केली होती, भिंतीवर तक्तेही लावले होते. पण मुले स्वतःवरच्या अपमानाबद्दल थेट बोलत नाहीत. 'गोष्टीतल्या मुलाला काय वाटत असेल?' असे विचारले की मात्र बोलतात. स्वतःचे दुःख दुसऱ्याच्या नावाने सांगता येते, हा गोष्टीचा मोठा उपयोग.

दुसरे असे की हे आपल्या मातीतले काम आहे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी खटपट करून कॅमेरासुद्धा स्वतःच तयार केला होता. १९२५ साली त्यांनी 'सावकारी पाश' काढला. सावकाराच्या कर्जात जमीन गेलेल्या शेतकऱ्याची ती गोष्ट, आणि त्यात शेतकऱ्याचे काम केले होते तरुण व्ही. शांताराम यांनी. म्हणजे सिनेमातून अन्याय दाखवायचा, हे कोल्हापूरला कुणी बाहेरून शिकवायला नको. अलीकडचे उदाहरण नागराज मंजुळे यांचे. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा, वडार समाजातला हा मुलगा. अहमदनगरला शिकत असताना त्यांनी 'पिस्तुल्या' ही शॉर्ट फिल्म केली. शाळेची ओढ असलेल्या एका गरीब मुलाची ती गोष्ट. विद्यार्थ्याने केलेल्या त्या छोट्या फिल्मला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे त्यांचा 'फँड्री' आला, १४ फेब्रुवारी २०१४ रोजी. आठवीच्या पुढच्या मुलांना आम्ही तो दाखवला. कैकाडी कुटुंबातला जब्या, घरचे डुक्कर पकडतायत, सगळा गाव गंमत बघतोय, शाळेतली मुले हसतायत, आणि अखेरीस जब्या दगड भिरकावतो. तो दगड थेट पडद्यातून आपल्याकडे येतो.

फिल्म संपल्यावर मी मुलांना विचारले, दगड कुणाला लागला? एकजण म्हणाला, चिडवणाऱ्याला. दुसरा म्हणाला, पडद्याला. मग आठवीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "ताई, जे नुसतं बघत होते त्यांना." आमच्या फिल्मचे बी त्या उत्तरात होते.

गोष्ट ठरायला वेळ लागला नाही. वर्गात कंपासपेटी हरवते, सगळे नव्या मुलाकडे बघतात. घोडे अडले ते शेवटावर.

पहिला शेवट मुलग्यांनी आणला. नवा मुलगा एक बुक्की मारतो, तिघे चिखलात, टाळ्या. सिनेमात असेच असते ना! मी नाही म्हटले नाही. फक्त विचारले, दुसऱ्या दिवशी काय होईल? सगळे गप्प झाले. मग ज्याने बुक्की सुचवली होती तोच म्हणाला, "दुसऱ्या दिवशी ते सहाजण येतील. आणि सर मलाच हाकलतील. म्हणतील, बघा, यांची जातच तसली."

दुसरा शेवट काही शिक्षकांना आवडला होता. सर येतात, उपदेश करतात, चिडवणारे माफी मागतात. त्यावर एक मुलगी म्हणाली, "ताई, सर तासाला असतात. मधल्या सुट्टीत कोण असतं?" मंडळी, या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. तुमच्याकडे असेल तर जरूर सांगा.

तिसरा शेवट तालमीत सापडला. मॉनिटर ओरडतो, "उघड दप्तर!" आणि नव्या मुलाने काय करावे यावर वाद चालला होता. उघडावे तर अपमान, न उघडावे तर चोर. तेव्हा उजेडासाठी थर्माकोलचा पांढरा पत्रा धरून उभी असलेली एक मुलगी म्हणाली, "उघडू दे की त्याला. पण म्हणू दे, माझं दप्तर बघा, पण सगळ्यांचंच बघा."

हे वाक्य मला फार मोलाचे वाटते. त्यात शिवी नाही, मारामारी नाही, रडणेही नाही. नियम सगळ्यांना सारखा लावा, एवढीच मागणी आहे. स्वतःसाठी उभे राहणे म्हणजे काय, हे पोरीने एका ओळीत सांगितले.

पण मुले तिथेच थांबली नाहीत. त्यांनी पुढे विचारले, तो एकटा असे म्हणाला तर कोण ऐकेल? हसतील आणि त्याचेच दप्तर ओततील. म्हणून मग बाकावर शेजारी बसणारा मुलगा उठतो, काही न बोलता आपले दप्तर टेबलावर नेऊन ठेवतो. मग तिसरी. मग चौथा. कंपासपेटी कुठे सापडते, हे फिल्ममध्ये नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. त्यावरही भांडण झाले होते. एकाचे म्हणणे, ती मॉनिटरच्या दप्तरात सापडू दे, जिरेल त्याची. दुसरा म्हणाला, "मग उद्यापासून त्याला चोर म्हणतील. एक चोर काढायचा आणि दुसरा बसवायचा." म्हणून फिल्म टेबलावरच्या दप्तरांच्या ढिगावर संपते.

शेजारच्याने उठणे ही गोष्ट लहान नाही. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठातल्या अभ्यासकांनी शाळांसाठी 'कीवा' नावाचा कार्यक्रम तयार केला, त्याचा भर याच बघणाऱ्या मुलांवर आहे. चिडवणाऱ्याला जोर येतो तो भोवतीच्या हसण्याने. हसणे थांबले की निम्मी दादागिरी तिथेच गळते. आणि लांब कशाला जायचे? गंगाराम कांबळे यांची हकीकत कोल्हापुरात घरोघरी माहीत आहे. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शासन तर केलेच, पण पुढे गंगारामांना चहाचे दुकान काढायला मदत केली आणि स्वतः तिथे थांबून चहा घेतला. राजा चहा पितो म्हटल्यावर सोबतच्यांना पिणे भाग पडले. आपले दप्तर टेबलावर ठेवणे ते हेच.

आता थोडे आपल्या अधीक्षक बंधू-भगिनींसाठी. आपल्याकडे सर्व धर्मांची मुले राहतात, म्हणून हे मी मुलांना उद्देशून बोलत नाही. आपल्यापैकी पुष्कळजण पवित्र शास्त्र वाचणारे आहेत. मूल रडत आले की आपण चटकन म्हणतो, "सहन कर. क्षमा कर. देव बघतो." दुसरा गाल पुढे करण्याची शिकवण आपल्याला पाठ आहे. पण योहानाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय काढून पाहा. महायाजकापुढे उभे असताना एका शिपायाने प्रभूच्या तोंडात मारली. प्रभूने उलट हात उचलला नाही, हे खरे. पण तो गप्पही बसला नाही. माझे काय चुकले ते दाखव, चुकले नसेल तर मारलेस का, असा सरळ प्रश्न त्याने विचारला. आणि प्रेषितांच्या कृत्यांत सोळाव्या अध्यायात, फिलिप्पै गावी पौल आणि सीला यांना चौकशी न करता फटके मारून तुरुंगात टाकले. सकाळी अधिकाऱ्यांचा निरोप आला, गुपचूप निघून जा. पौल गुपचूप जायला तयार झाला नाही. ज्यांनी चारचौघांत मारले त्यांनी स्वतः येऊन बाहेर न्यावे, असे त्याने कळवले.

क्षमा मोठीच आहे. पण क्षमा करायला आधी अन्यायाला अन्याय म्हणावे लागते. दहा वर्षांच्या मुलाला आपण 'सहन कर' म्हणतो तेव्हा पुष्कळदा आपलीच कटकट वाचवत असतो. सहन करायचा सल्ला देण्याआधी आपण त्याच्या शाळेत जाऊन आलो का, एवढे स्वतःला विचारावे.

आता कामाच्या गोष्टी सांगते.

यंत्रसामग्रीचे अवडंबर नको. मोबाइल आडवा धरायचा. तिकाटणे नसेल तर खुर्चीच्या पाठीला रबराने बांधायचा, नाहीतर विटांच्या थरावर टेकवायचा. ऊन समोरून किंवा बाजूने येऊ द्यावे, पाठीमागून आले तर चेहरा काळा पडतो. सकाळी आठ-साडेआठचा उजेड सर्वांत चांगला. आधी कागदावर चौकोन आखून प्रत्येक शॉटचे साधे चित्र काढून घ्यावे, म्हणजे शूटिंगच्या दिवशी गोंधळ होत नाही. आमचे चित्र ठीक आले, पण आवाजाने रडवले. हंगाम चालू होता. टेक रंगात आला की रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत, गाणी लावून जायचा. शेवटी एका मुलाला कोपऱ्यावर उभे केले. ट्रॅक्टर दिसला की तो रुमाल हलवायचा आणि सगळे थांबायचे. बोलणाऱ्याच्या जवळ दुसरा मोबाइल ठेवून आवाज वेगळा घेतला आणि एडिटिंगला जोडला. सहा मिनिटांच्या फिल्मला सहा रविवार लागले.

पण यंत्रापेक्षा मुले जपायची असतात. त्यासाठी आम्ही चार नियम केले होते.

पहिला, ज्या मुलाला खरोखर चिडवले जाते, त्याला चिडवल्या जाणाऱ्या मुलाची भूमिका द्यायची नाही. तेच दुःख त्याने दहा टेक पुन्हा भोगायचे, हे बरोबर नाही. आमच्या फिल्ममधला नवा मुलगा गावातल्या सुखवस्तू घरचा आहे. दोन रविवार सगळ्यांची नजर अंगावर घेतल्यावर तो घरी जाऊन जेवला नाही, असे त्याच्या आईने सांगितले. मॉनिटर झालाय तो आपल्या वसतिगृहातला. त्याला हुकूम सोडायला फार आवडले आणि आपल्यालाही हे आवडते याचे त्याला आश्चर्य वाटले. दोघांनाही त्यातून जे कळले ते माझ्या भाषणाने कळले नसते.

दुसरा, जातीचे नाव घेऊन शिवी फिल्ममध्ये नको. मुलांनी त्या जागी फक्त हसण्याचा आवाज ठेवला आहे. शिवी ऐकवली असती तर उद्या तीच मैदानात ऐकू आली असती.

तिसरा, खरी घटना जशीच्या तशी घ्यायची नाही. नाव, गाव, ओळख काही कळता कामा नये. पालकांची लेखी परवानगी घ्यायची, आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांना घरी जाऊन समजावून सांगायचे. अडचणीत असलेल्या मुलांची ओळख उघड करायला २०१५ च्या बाल न्याय कायद्याने बंदी आहे. म्हणून ही फिल्म व्हॉट्सॲपवर सोडलेली नाही, आणि आपणही आता तिचे मोबाइलवर शूटिंग केले नसेल अशी आशा आहे.

चौथा, फिल्म दाखवून घरी जायचे नाही. दाखवल्यावर निदान अर्धा तास बसायचे. चर्चेत एखादे मूल खरे सांगू लागले तर चारचौघांत थांबवून, नंतर एकटे बसून ऐकायचे. गोष्ट गंभीर असेल तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक मुलांनाही पाठ असू द्यावा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलाला मारणे आणि मानसिक त्रास देणे, दोन्हींना मनाई केली आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा चारचौघांत जातीवरून अपमान करणे हा १९८९ च्या कायद्याने गुन्हा आहे. मुलांवर गुन्हे दाखल करत सुटा, असे मी म्हणत नाही. पण 'पोरं आहेत, चालायचंच' असे म्हणणाऱ्या मोठ्या माणसांना कायदा ठाऊक असलेला बरा.

फिल्मने काय झाले? फार मोठे काही सांगत नाही. चिडवणे बंद झाले, असे म्हटले तर ही मुलेच मागून हसतील. एका शाळेत फिल्म पाहिल्यावर वर्गशिक्षकांनी टेबलावर एक पत्र्याचा डबा ठेवला, सापडलेल्या वस्तूंसाठी. वस्तू हरवली की आधी डबा बघायचा, कुणाचे दप्तर उघडायचे नाही. आठवड्यात त्यात तीन पेने, एक पट्टी आणि एक पैंजण निघाले. म्हणजे एरवी पाच वेळा कुणाकडे तरी बोट गेले असते. आणि दिवाळीनंतर न आलेला एक मुलगा शूटिंग बघायला म्हणून आला होता. रुमाल हलवायला कोपऱ्यावर उभा होता तो हाच. संक्रांतीनंतर तो वसतिगृहात राहायला आला. किती दिवस टिकेल, देव जाणे. आज तो इथे आहे.

आपल्या पत्रकाचे वाचक आणि हितचिंतक नेहमी विचारतात, आम्ही काय करावे? कुणाकडे चालू स्थितीतला जुना मोबाइल असेल तर तो द्यावा, पुढच्या वसतिगृहातल्या फिल्मला लागेल. पण त्याहून मोठे मागणे असे आहे. तुमची मुलेही कुठल्यातरी वर्गात बसतात. एक दिवस त्यांच्या वर्गात काहीतरी हरवेल आणि सगळे एकाकडे बघतील. त्या दिवशी आपले दप्तर पहिले उचलून टेबलावर ठेवायचे, एवढे त्यांना आज घरी गेल्यावर सांगा. आमची मुले बोलायला शिकतायत. तुमची मुले त्यांच्या शेजारी उभी राहायला शिकली, तर आम्हाला परत पालावर जाऊन 'का रे बाळा' म्हणून विचारावे लागणार नाही.